जोडी आणि जोड : भेटीच्या कोरीव रिव्हॉल्व्हरांचे एक वाचन

हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यात १८५३ च्या सुमारास दोन रिव्हॉल्व्हरे लागोपाठच्या क्रमांकांची तयार झाली : १२४०६ आणि १२४०७. कारखान्याच्या भाषेत ती ड्रॅगून जातीची, म्हणजे घोडेस्वाराने खोगिराला बांधून न्यायची, अंगापेराने जड. पण या दोघांच्या नशिबी खोगीर नव्हते. पोलादावर वेलबुट्टी कोरून तीत सोने भरले होते. त्या सोन्यात जॉर्ज वॉशिंग्टनचा मुखवटा आणि अमेरिकेचे राजचिन्ह होते. एक गेले तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल मजीद याला, दुसरे रशियाचा झार पहिला निकोलस याला. आज पहिले न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि दुसरे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये. राजेशाही उलथवून निघालेल्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या अध्यक्षाचे चित्र दोन सम्राटांच्या हाती द्यावे, यात देणाऱ्याला काही विसंगत वाटले नसावे. त्याहून मोठी गंमत तारखेत आहे. ऑक्टोबर १८५३ मध्ये तुर्कस्तानने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. पुढे इंग्लंड-फ्रान्स त्यात ओढले गेले आणि ते क्रिमियन युद्ध म्हणून ओळखले जाऊ लागले. एका बाकावर, एका हाताने कोरलेली ही जोडी जन्मतःच दोन शत्रूंमध्ये वाटायची होती. सॅम्युएल कोल्ट एका दरबारात जाऊन दुसरा दरबार माझा माल घेतो आहे असे सूचित करीत असे, अशी गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगतात. गोष्ट सोडून दिली तरी हे दोन क्रमांक पुरेसे बोलके आहेत.

या विषयाकडे मी शस्त्रांच्या वाटेने आलो नाही. यातले एकही हत्यार मी हातात धरलेले नाही. संग्रहालयांच्या नोंदी, छायाचित्रे आणि लिलावसूच्या एवढेच माझे साहित्य. मला वाचता येतात ते ताम्रपट, तेही स्वतःच्या धडपडीने, जुनी नियतकालिके धुंडाळून. ताम्रपट वाचणाऱ्याला एक खोड लागते. कोरलेला धातू दिसला की तो आधी विचारतो : दाता कोण, घेणारा कोण, निमित्त काय, दिले काय, आणि कोरले कोणी? भेटीचे रिव्हॉल्व्हर हे मला पहिल्यापासून असे दानपत्र वाटत आले. फरक इतकाच की इथे दान आणि दानपत्र एकच वस्तू आहे. जमीन दुसरीकडे आणि तिचा पत्रा तिसरीकडे, असे नाही.

दानपत्र म्हणून वाचू लागलो की पहिला प्रश्न दात्याचा येतो, आणि कोल्टच्या बाबतीत तोच अडचणीचा आहे. त्याच्या भेटीच्या पिस्तुलांवर मुठीच्या पाठीला, म्हणजे धरल्यावर तळहाताच्या वरच्या कडेशी येणाऱ्या पट्टीवर, लेख असतो. त्यात घेणाऱ्याचे नाव आणि पुढे ‘संशोधकाकडून’ किंवा ‘कर्नल कोल्ट यांच्या शुभेच्छांसह’ अशा अर्थाचे शब्द. ‘संशोधकाकडून’ हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. विक्रेता म्हणून नव्हे, कर्ता म्हणून तो सही करतो. आपल्याकडे लेखक पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहितो, तसेच. आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘सप्रेम भेट’ लिहिलेली, पाने न फाडलेली प्रत ज्याने पाहिली आहे त्याला हेही ठाऊक असते, की त्यातल्या बऱ्याच प्रती प्रेमाच्या नसतात, ‘अभिप्रायार्थ’ असतात.

कोल्टच्या भेटी अभिप्रायार्थ होत्या, याचा पुरावा सरकारी कागदात आहे. त्याचे पेटंट १८३६ चे. एकदा मुदत वाढून ते १८५७ पर्यंत चालणार होते. आणखी वाढ मिळावी म्हणून त्याने खटपट केली आणि १८५४ साली अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाला या खटपटीची चौकशी करायला समिती नेमावी लागली. सदस्यांना पिस्तुले भेट गेल्याचे तिच्यापुढे आले. त्यातले एक पिस्तूल एका सदस्याच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिलेले होते. मुदतवाढ मिळाली नाही. पण ते मुलाचे पिस्तूल माझ्या डोक्यातून जात नाही. घेणाऱ्याचे नाव एकाचे आणि घेणारा दुसराच, ही दानपत्रातली जुनी युक्ती आहे.

मराठी वाचकाला हा व्यवहार परका नाही. नजराणा, खिलत, अहेर, परतीचा अहेर, एवढे शब्द एका व्यवहारासाठी ज्या भाषेत आहेत तिला भेट निरपेक्ष असते असे कोणी शिकवायला नको. कंपनी सरकारने तर तोशाखाना नावाचे खातेच ठेवले होते. अधिकाऱ्याला मिळालेला नजराणा तिथे जमा व्हायचा आणि त्याच वस्तू पुढच्या दरबारात परतभेट म्हणून बाहेर निघायच्या. ८ नोव्हेंबर १८७५ रोजी युवराज एडवर्ड मुंबईला उतरला. त्या दौऱ्यात त्याला संस्थानिकांकडून शस्त्रांच्या राशी मिळाल्या. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून मिळालेली, जगदंबा म्हणून ओळखली जाणारी तलवार त्यातलीच. ती आजही ब्रिटिश राजसंग्रहात आहे आणि ती परत आणण्याची मागणी अधूनमधून वृत्तपत्रांत येते. देणारे महाराज तेव्हा बारा वर्षांचे होते. बारा वर्षांचा मुलगा ‘देतो’ म्हणजे नक्की कोण देते? कोल्टच्या चौकशीतल्या मुलाविषयी मी विचारला तो प्रश्न इथे उलट बाजूने येतो, आणि आपल्या वादांत तो फार क्वचित विचारला जातो. तलवार शिवछत्रपतींची होती का, यावर पाने भरतात. तिच्या दानाच्या घडीकडे कोणी पाहत नाही.

आता कोरीवकामाकडे. इथे लिलावसूच्यांची भाषा मला नेहमी कमी पडते. त्या ‘भरगच्च’, ‘नव्वद टक्के पृष्ठभाग व्यापलेले’ अशा मापांनी बोलतात, जणू काही साडीच्या काठाची रुंदी सांगताहेत. काय कोरले आहे आणि काय कोरलेले नाही, हे कोणी वाचत नाही.

कोल्टच्या साध्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या रिव्हॉल्व्हरवरही चित्र असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्यावर, सिलिंडरवर, ते पोलादी साच्याच्या लाटणीने दाबून उमटवलेले असते. हे साचे वॉटरमन ऑर्म्सबीने केले. हा मुळात बँकेच्या नोटांच्या ठशांचा कारागीर. नोटेवरच्या बारीक चित्राची नक्कल करणे जसे अवघड, तसे पिस्तुलाचेही व्हावे, हा हेतू. ड्रॅगूनवर टेक्ससचे रेंजर आणि कोमांचे लोक यांची घोड्यांवरची लढाई आहे. १८५१ च्या नेव्ही जातीवर टेक्ससच्या आरमाराची मेक्सिकोशी झालेली १६ मे १८४३ ची लढत, तारखेसकट. खिशातल्या १८४९ च्या पिस्तुलावर टपालगाडीची लूट. म्हणजे दुकानातल्या मालावर त्या मालाचा उपयोग स्वच्छ छापलेला आहे : माणसे माणसांवर गोळ्या झाडताहेत. नेव्ही जातीची रिव्हॉल्व्हरे एकट्या हार्टफर्डमध्ये दोन लाखांवर झाली. त्या हिशेबाने ऑर्म्सबी हा त्या शतकातला अतिशय खपाचा चित्रकार म्हणायला हवा. कलेच्या इतिहासात त्याला ओळही मिळत नाही.

भेटीच्या हत्याराचा भर मात्र वेगळा. तिथे गुस्ताव यंग येतो. १८२७ चा प्रशियात जन्मलेला हा कोरक्या अमेरिकेत आला, कोल्टकडे रमला आणि १८६९ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या स्मिथ अँड वेसनकडे गेला. त्याच्या वेलीत पाने एकमेकांवर वळतात, मधल्या जागा बारीक टिंबांनी खडबडीत केलेल्या असतात आणि वळणांच्या टोकांना कुठे कुत्र्याचे, कुठे गरुडाचे डोके लपलेले असते. हातोडी आणि छिन्नीचे काम. सोने भरताना खोबणी तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद कापायची, त्यात तार ठोकायची, म्हणजे ती आतून पसरून अडकते. आपल्याकडे याला तहनिशान म्हणतात. पृष्ठभागावर आडव्या-उभ्या रेघा मारून त्यावर सोने चिकटवण्याची कोफ्तगिरी ती वेगळी, आणि हलकी. राजस्थान-पंजाबातल्या तलवारींच्या मुठींवर ती भरपूर दिसते. लिलावसूच्या मात्र ‘सोन्याचे काम’ म्हणून दोन्ही एकाच पोत्यात घालतात.

या वेलींत मेलेला माणूस नाही. हत्यार जितके महाग, तितके ते आपल्या धंद्याविषयी अबोल. कोमांचे आणि दरोडेखोर गिऱ्हाइकासाठी, वेल आणि वॉशिंग्टन सम्राटासाठी. यंगच्या हाताचे कौतुक मलाही आहे. पण ही वेल एक काम करते आहे, आणि ते काम झाकण्याचे आहे, हे सांगितल्याशिवाय केलेले कौतुक अर्धे आहे.

या नियमाला अपवाद आहेत आणि तेच मला सर्वांत जवळचे वाटतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५ च्या काळात, तुकडीतले शिपाई वर्गणी काढून आपल्या कॅप्टनला तलवार किंवा रिव्हॉल्व्हर देत. लेख साधा : नाव, तुकडी, तारीख. वेल थोडी किंवा नाहीच. दाते अनेक आणि कमी पगाराचे. आपल्या वीरगळांसारखी ही भाषा आहे, जिच्यात प्रशस्तीला जागा नसते. सूचीत अशी हत्यारे नंतरच्या पानांवर, छोट्या छायाचित्रांत असतात.

उलट टोकाचे उदाहरण रशियन राजपुत्र अलेक्सिसचे. १८७१ मध्ये रशियाने स्मिथ अँड वेसनला वीस हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी दिली. कंपनीच्या दृष्टीने हे घबाड. त्याच वर्षाच्या अखेरीस झारचा हा मुलगा अमेरिका पाहायला आला, तेव्हा त्याला यंगने कोरलेले, शिंपल्याच्या मुठीचे, पेटीतले रिव्हॉल्व्हर भेट मिळाले. त्यावर चारशे डॉलरांहून अधिक खर्च झाला होता. जानेवारी १८७२ मध्ये नेब्रास्कात बफेलो बिल कोडीने राजपुत्राला गव्यांच्या शिकारीला नेले. कोडीच्या आठवणींप्रमाणे राजपुत्राने आधी रिव्हॉल्व्हर झाडले, गवा तसाच उभा राहिला. शेवटी कोडीने आपली रायफल त्याच्या हाती दिली तेव्हा काम झाले. कोडी गोष्ट रंगवून सांगणारा माणूस होता, हे लक्षात ठेवून वाचावे. तरी वीस हजारांच्या मागणीपुढे एक गवा चुकला तर कंपनीचे काय बिघडले?

खोट्या लेखांचा प्रश्न इथेही आहेच. फ्लीटने बनावट ताम्रपटांची यादी केली, त्याला आता शंभरावर वर्षे झाली. ताम्रपट खोटा का करतात? कारण त्याने जमीन मिळते. रिव्हॉल्व्हरवरचा लेख खोटा का करतात? कारण त्याने किंमत दसपट होते. खरे, जुने, साधे हत्यार घ्यायचे आणि त्यावर मागाहून नाव किंवा वेल कोरायची. पकडण्याच्या खुणा ताम्रपटासारख्याच : भोवतालचा धातू हातांनी झिजलेला आणि अक्षरांच्या कडा मात्र धारदार, जुना रंग अक्षरांच्या तळाशी उतरण्याऐवजी अक्षरांनी कापलेला, सुट्या भागांवरचे क्रमांक न जुळणारे. शेवटचा आधार कारखान्याच्या वहीचा : अमुक क्रमांकाचे हत्यार अमुक दिवशी, कोरून, अमक्याकडे रवाना. पण ५ फेब्रुवारी १८६४ रोजी हार्टफर्डच्या कारखान्याला आग लागली आणि मोठा भाग जळाला. आधीच्या काळातल्या हत्यारांसाठी वहीचा आधार लंगडा झाला, आणि खोट्याला आडोसा मिळाला.

म्हणून लुई डॅनियल निम्श्के या न्यूयॉर्कच्या कोरक्याविषयी मला विशेष आदर आहे. १८३२ ते १९०४ हा त्याचा काळ. काम संपले की तो कोरलेल्या धातूवर काजळी किंवा शाई भरून कागदावर ठसा घेई आणि वहीत चिकटवी. ताम्रपटांचे ठसे घेणारे आपले संशोधक हेच करीत, पण हजार वर्षांनंतर. हा माणूस आपले ठसे आपणच, त्याच दिवशी घेत होता. ती वही टिकली आणि १९६५ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. यंग सही क्वचित करी. निम्श्केने वही ठेवली. कोरक्याचे नाव शेवटच्या ओळीत देणारे आमचे ताम्रपट या बाबतीत अमेरिकेपेक्षा न्यायी होते, असे म्हटले तर थोडा अभिमान माफ करावा.

कागदाचे वजन किती, हे एका साध्या हत्याराने दाखवले. पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ च्या रात्री ज्या कोल्टने बिली द किडला मारले, ते ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात साठ लाख डॉलरांवर गेले. त्यावर ना वेल, ना सोने. तिथे किंमत ठरली ती घटनेच्या सलग कागदपत्रांनी.

आता सुरीकडे येतो. हा सगळा खटाटोप मी तिच्यासाठी केला.

गेल्या काही दशकांत संग्राहकांमध्ये एक रीत दिसते. कोरीव रिव्हॉल्व्हर हाती आले की त्याला जुळणारी सुरी घडवून घ्यायची : त्याच वेलीची, त्याच मुठीची, एकाच मखमली पेटीत शेजारी बसणारी. कल्पना हवेतून आलेली नाही. दक्षिण अमेरिकी संस्थानांत बोवी सुरी आणि पिस्तूल एकाच कमरेला असायचे. १८३७ च्या एल्गिन पिस्तुलाला तर नळीखाली सुऱ्याचे पातेच जोडलेले होते, आणि अमेरिकी आरमाराने दीडशे नग घेतले होते. आपल्याकडचे दोन पिस्तुले जडवलेले कट्यार संग्रहालयांत पाहायला मिळतात. तेव्हा लोखंड आणि दारू यांची संगत जुनी आहे.

पण त्या हत्यारांत संगत गरजेची होती. एक गोळी झाडली की पुन्हा भरेपर्यंत हातात काय, याचे उत्तर म्हणजे पाते. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरने ती गरज बरीचशी संपवली, आणि गरज संपल्यावर सुरी शोभेला परत आली. १९७३ मध्ये टेक्सस रेंजरांच्या दीडशे वर्षांनिमित्त स्मिथ अँड वेसनने स्मारक म्हणून रिव्हॉल्व्हर आणि बोवी सुरी असे संच पेटीत घालून हजारोंच्या संख्येने विकले. त्यांवर निमित्त आहे; पण दाता नाही, घेणारा नाही. नावाच्या जागी अनुक्रमांक. विकत घेणारा स्वतःच स्वतःला सन्मानित करतो. भेटीचा सगळा साज आणि भेट मात्र गैरहजर, असा हा प्रकार आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, २१ डिसेंबर १९७० रोजी, एल्व्हिस प्रेस्ली राष्ट्राध्यक्ष निक्सनसाठी पेटीतले कोल्ट पिस्तूल घेऊन व्हाइट हाउसवर गेला. त्याला अमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला हवा होता आणि तो मिळाला. तेही सौद्याचेच पिस्तूल. पण त्यात निदान दोन माणसे होती.

संग्राहकाने जुन्या रिव्हॉल्व्हरासाठी घडवलेली नवी सुरी यांहून वेगळी आहे. तिला मी जोडी म्हणणार नाही, जोड म्हणेन. जोडी एका वेळी जन्मते. १२४०६ आणि १२४०७ ही जोडी होती. जोड मागाहून येते. पोथीच्या अभ्यासकाला हे लगेच कळेल : जुन्या ग्रंथाच्या ओव्यांत नव्या ओव्या बेमालूम मिसळल्या की आपण त्यांना क्षेपक म्हणतो. जितकी बेमालूम, तितकी घातक. सुरीवाल्यांच्या वर्णनांत सर्वांत मोठी स्तुती हीच असते, की वेल इतकी जुळली आहे की ओळखू येत नाही. संहितेच्या अभ्यासकाला ही स्तुती ऐकून धडकी भरावी. शंभर वर्षांनी ती पेटी उघडणारा दोन्ही वस्तू एका दानाच्या समजेल, आणि ज्या शिपायांनी वर्गणी काढून फक्त रिव्हॉल्व्हर दिले त्यांच्या नावावर एक सुरी चढेल.

संग्राहकांची बाजू मला मान्य नाही असे नाही. आज हाताने वेल कोरणाऱ्याला काम देणारे गिऱ्हाईक तेच आहेत. जुन्या वेलीवर नवी वेल कोरताना कोरक्याला यंगचा हात आतून कळतो. ठुमरी गाऊनच ठुमरी कळते, तसेच हे. शिवाय कायद्याने या नकलेला एक अनपेक्षित तडा दिला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हरची हस्तिदंती मूठ अमेरिकेत जुनी वस्तू म्हणून सवलतीत बसते. नव्या सुरीच्या मुठीला हत्तीचा दात वापरायला २०१६ पासूनचे निर्बंध आडवे येतात. म्हणून कारागीर बर्फात गाडलेल्या मॅमथचा दात घेतात. काही राज्यांनी तोही बंद केला आहे. मॅमथच्या दाताचा रंग आणि त्यातल्या रेघा निराळ्या. म्हणजे वेल कितीही जुळली तरी मूठ खरे बोलते. मला तो तडा आवडतो. सुरी घडवणाऱ्यांनी तो लपवायला रंगाचे हात मारू नयेत.

माझे म्हणणे अवघड नाही. पात्याच्या टाचेशी, मुठीला लागून, कारागिराचे आणि कोरक्याचे नाव व वर्ष खोल कोरावे. पॉलिशने जाणार नाही इतके. सुरी कोणत्या क्रमांकाच्या रिव्हॉल्व्हरासाठी केली ते लिहावे, पण रिव्हॉल्व्हरवर काही लिहू नये. निम्श्केसारखा ठसा काढून तो पेटीच्या झाकणात न ठेवता दुसरीकडे, एखाद्या ग्रंथालयात ठेवावा. पेटी आगीत जाते, चोरीला जाते, वारसांत फुटते. आणि लिलावात ती आली तर दोन वस्तू दोन वेगळ्या क्रमांकांखाली, एकामागून एक विकाव्यात, भले दोन्ही एकाच माणसाने घेतल्या तरी.